कोणासाठी

आमच्या ग्राहकयादीत ‘कोणासाठी’ नावाचा एक रकाना आहे. तो मी घातला. गेल्या दिवाळीपर्यंत मला त्याचा फार अभिमान होता.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. आमचा मुख्य माल वायगावची हळद, जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती. दिवाळीला आम्ही भेटीचा डबा काढतो: हळद, जंगलातला मध आणि भंडाऱ्याकडच्या विणकरांचा टसरचा स्टोल. या डब्यासाठी जुन्या ग्राहकांना ईमेल पाठवणं माझ्याकडे. गावात विचाराल तर मी ‘कम्प्युटरवर बिलं करते’.

स्वतःसाठी घेणारा आणि भेट देणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. पहिल्याची हळद संपली की तो आपसूक येतो, त्याला दिवाळी लागत नाही. दुसरा वर्षातून एकदा उगवतो. त्याला हळदीचे गुण सांगून उपयोग नाही, ‘कधी पोचेल’ एवढंच त्याला ऐकायचं असतं. म्हणून दोघांच्या याद्या वेगळ्या काढायच्या. पुण्याच्या एका सल्लागाराने त्यासाठी आम्हाला सोपा नियम दिला होता: बिलाचा पत्ता एक आणि माल पोचवायचा दुसरा, म्हणजे ती भेट. पुण्यात असेलही. आमच्याकडे कुरिअरवाला फाट्याच्या आत येत नाही, म्हणून लोक हिंगणघाटच्या भाच्याच्या मेडिकलचा नाहीतर मेहुण्याच्या किराणा दुकानाचा पत्ता देतात. पहिल्याच वर्षी 442 ने सुरू होणाऱ्या पिनकोडांतली माणसं भराभर दानशूर ठरली. दर चार महिन्यांनी घरची हळद मागवणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना ‘तुमच्या प्रियजनांसाठी पुन्हा एकदा’ असा मेल गेला. त्यांचं उत्तर आलं: ‘माझे प्रियजन कोण ते कळवावे, म्हणजे मलाही समजेल.’

तारखेचंही तेच. सॉफ्टवेअरला ‘मागच्या वर्षी याच दिवशी’ एवढंच कळतं. भाऊबीज 2024 ला 3 नोव्हेंबरला होती आणि 2025 ला 23 ऑक्टोबरला. अकरा दिवसांचा फरक. इंग्रजी तारखेवर विसंबलं तर डबा बहिणीकडे पोचेपर्यंत फराळ संपलेला. मी पंचांग बघून तारखा हाताने टाकते. आणि एक दुखणं फक्त आपल्या भाषेचं आहे. देवनागरी अक्षराला साठवायला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. 102 केबीच्या वर मेल गेला की जीमेल तो खालून कापतं, आणि ‘यादीतून काढा’ हा दुवा नेमका खाली असतो. तो सापडला नाही की माणूस सरळ स्पॅम दाबतो. 2024 पासून जीमेलवाले त्याचा हिशोब फार कडक ठेवतात, तक्रारी 0.3 टक्क्याच्या आत हव्यात. पाल्हाळ लावायची सोय नाही. मी कमी शब्दांत लिहायला शिकले ते शाळेत नाही, इथे.

तर नियमांचा नाद सोडून मी लोकांनाच विचारायला लागले. ऑर्डरच्या फॉर्मवर आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर एकच प्रश्न: कोणासाठी? आई, बहीण, साहेब, व्याही. व्याह्यांसाठी घेणारे सगळ्यांत मोठा डबा घेतात आणि पोचला का म्हणून दोनदा फोन करतात. साहेबांसाठी घेणाऱ्यांना किंमत लिहिलेली चिठ्ठी काढून हवी असते. क्वचित एखाद्याला ती मुद्दाम राहू द्यायची असते. भाऊबीजवाले शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात, मग सगळे एकदम येतात. त्यांच्यासाठी मी मेल लिहिला: ‘मागच्या भाऊबीजेला तुम्ही अमुकताईंना डबा पाठवला होता. यंदाही पाठवायचा ना?’ अमुकच्या जागी बहिणीचं खरं नाव, यादीतून आपोआप येणारं.

13 ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी आठला तो गेला. दुपारपर्यंत ऑर्डरी यायला लागल्या. डॅशबोर्डवर एक पत्ता सगळ्यांच्या वर होता, त्याने डब्याचा दुवा नऊ वेळा दाबला होता. सॉफ्टवेअरने त्याच्यापुढे लाल खूण करून ‘अत्यंत उत्सुक’ असा शेरा मारला होता. मी अध्यक्षांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, मग फोन करून टाक ना.

मला करावा लागला नाही. चारच्या सुमारास त्याच नावाचा फोन आला. म्हातारा आवाज, मागे बैलाच्या घुंगरांचा नाद.

“पोरी, डब्ब्याच्या कंपनीतून बोलून राह्यली काय?”

“हो काकाजी, बोला.”

“मांगच्या दिवाळीले म्या बहिणीले डब्बा धाडला होता. ते तुमच्यापाशी राह्यलं असतं त बरं होतं वो.”

मला काही उमगेना. मग त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. मेल मुलाच्या मोबाइलवर गेला. मुलाने वाचला, सुनेला वाचून दाखवला, मग धाकट्याला. “थे म्हणते, आपण वकिलाले पैसे मोजून राह्यलो अन् तुमी तिले डब्बे धाडता. तुवं काई चुकलं नाई म्हणा. खरंच त लिवलं तू.”

वडिलोपार्जित शेतीत सगळ्या मुलींचा बरोबरीचा हिस्सा वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने कागदावर आला. आमच्याकडे त्याच्यासोबत हक्कसोडपत्रही आलं. जिने सही केली ती माहेरवाशीण, जिने केली नाही ती ‘पार्टी’. या बहिणीने केली नव्हती.

फोन ठेवल्यावर मी जुना फॉर्म शोधला. वर्ध्याच्या प्रदर्शनातला होता, आणि अक्षर माझंच. मग आठवलं. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला होता. त्यावर आधार नंबर, खातेनंबर आणि एक ईमेल, तिघांचीही शाई वेगळी. त्यांना ईमेल द्यायचाच नव्हता. ‘द्या ना काकाजी, बिल पाठवता येतं,’ असं मीच म्हटलं होतं. खालच्या संमतीच्या चौकोनात टिकही माझ्याच पेनाची. सल्लागाराला हे नंतर सांगितलं तर तो म्हणाला, टिक आहे ना, मग कायद्याने आपण सेफ आहोत. या माणसाला आम्ही तासाचे पैसे देतो.

मेल उघडला पण डबा घेतला नाही, अशांना बुधवारी सकाळी सातला दुसरा मेल आपोआप जाणार होता: ‘अजून वेळ गेलेली नाही.’ हे मला मंगळवारी रात्री जेवताना आठवलं. लाइन गेलेली, घरात रेंज नाही. स्कुटी काढून जामच्या चौरस्त्यावर गेले. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडला आणि तो एक पत्ता काढला. मग बाकीची यादी ईमेलच्या रकान्यावर लावून पाहिली. एकेका ईमेलखाली तीन-तीन आडनावं. एकाखाली सात जण, तो पत्ता सेतू केंद्रवाल्याचा. आम्ही ज्याला एक ग्राहक म्हणत होतो ते कधी अख्खं घर होतं, कधी अर्धं गाव. भाऊबीजेचा दुसरा मेल मी पूर्ण थांबवला. टपरीवाल्याने तोवर दोनदा विचारलं, ताई, बंद करू काय?

त्या मेलवर दरवर्षी बऱ्यापैकी डबे जातात. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी सॉफ्टवेअरची अडचण आली असं सांगितलं. त्यांना पटलं, कारण सॉफ्टवेअरची अडचण आमच्याकडे कायमच असते. खरं सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला माहीत आहे: एका म्हाताऱ्यासाठी?

काकाजींनी त्या फोनवर शेवटी एवढंच म्हटलं होतं, “यंदा बी धाडजो. पैसे बजाराच्या दिवशी आणून देतो. नाव मातर कुठं लिवू नोको.” त्यांनी दिले, सगळ्या पन्नासच्या नोटा. डबा मी सिस्टिममध्ये न चढवता पाठवला, पावती हाताने फाडली.

‘कोणासाठी’ हा रकाना मी पुसलेला नाही, नुसता लपवून ठेवलाय. या दिवाळीला तो वापरायचा की नाही ते ठरत नाही. त्या मुलाचा पत्ता यादीत नाही, त्याला आमच्याकडून काहीच जात नाही. पण परवा जुने आकडे काढताना दिसलं, भाऊबीजेच्या त्याच मेलमधला डब्याचा दुवा त्याच पत्त्यावरून पुन्हा दाबला गेलाय. सॉफ्टवेअरने लाल खूण केली आहे. कोणी दाबला, ते त्याला कळत नाही.