थोरली आज एकटी तांबट आळीत जाऊन आली

शनिवार, रात्रीचे अकरा

धाकटा आत्ता कुठे झोपलाय. थोरली साडेनऊलाच आडवी झाली, चौथीचं इतिहासाचं पुस्तक छातीवर तसंच. डोळ्यांवर झोप आहे, तरी आजचं आजच लिहून ठेवते.

सासूबाईंच्या तांब्याच्या कळशीला पोचा आला होता. दोन महिने ती मोरीच्या कोपऱ्यात पडून होती. कोणीतरी तांबट आळीत नेऊन द्यायची, पण आमच्या घरात 'कोणीतरी'ला वेळ नसतो. आज दुपारी थोरली म्हणाली, "मी नेऊन देते."

आळी, म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतली तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, आमच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. वाटेत एकच रस्ता ओलांडायचा, पण शनिवार संध्याकाळचा तो रस्ता ओलांडताना माझाही पाय दोनदा मागे येतो. मी नाही म्हणणार तोच आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "जाऊ दे गं. तिचा बाबा तिच्याएवढा असताना मंडईतून भाजी आणायचा." तेव्हा रस्त्यात सायकली होत्या, हे अगदी ओठावर आलं होतं. पण लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि कळशी पिशवीत घालून दिली. अर्ध्या तासात परत ये म्हटलं.

अर्ध्या तासाचे पन्नास मिनिटं झाले. गॅस बंद केला, धाकट्याला कडेवर घेतलं आणि निघाले. जिन्यात लक्षात आलं, पायात यांची चप्पल होती. परत फिरले नाही.

कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादा मी विचारायच्या आधीच म्हणाले, "कळशी घेऊन गेली. पार वळेपर्यंत बघत होतो मी." गिरणीवाल्यानं नुसता पिठाचा हात वर करून आळीची दिशा दाखवली. रस्त्याच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "मीच सोडली पलीकडं. रिक्षा लई जोरात येतात." या तिघांना मी काहीही सांगून ठेवलं नव्हतं. छातीतली धडधड तिथेच उतरली आणि डोळ्यांत पाणी आलं.

थोरली तांबटकाकांच्या कारखान्यात पाटावर बसली होती. कारखाना म्हणजे आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली. एका जाड लोखंडी दांड्याच्या टोकावर कळशी आतून टेकवलेली, आणि बाहेरून काका हातोडीचे ठोके देत होते. डावा हात कळशी इवली इवली फिरवतो, उजवा मारतो. एका ठोक्याला लागून दुसरा, मध्ये जागा नाही आणि एकावर एकही नाही. जिथे ठोका पडतो तिथे नखाएवढी चकचकीत टिकली उमटते. पोचा कधीच निघाला होता. पण तेवढाच भाग वेगळा दिसेल म्हणून काकांनी अख्खा गळा पुन्हा मठारायला, म्हणजे असे ठोके द्यायला, घेतला होता. "काय गं सूनबाई, पोरगी हरवली काय?" असं म्हणून त्यांनी धाकट्याच्या हातात तांब्याचा एक गोल तुकडा दिला. भांडी आता यंत्रावर आकाराला येतात, मठारणं मात्र हातानंच. थोरलीनं मला सांगितलं, "आई, ठोके नुसते शोभेला नसतात. ठोकल्यानं तांबं टणक होतं, नाहीतर परत पोचा येईल." हे मी बारा वर्षं इथे राहून कुणाला विचारलं नव्हतं.

पैसे घ्यायला काका तयार नव्हते. दिलेच मी.

गेले तीन महिने आमच्याकडे फ्लॅटचा विषय चालू आहे. बाणेरला यांच्या मित्राकडे वाढदिवसाला गेलो होतो. खाली बाग, घसरगुंडी, वॉचमन, गाडी आत येत नाही. थोरली तिथल्या मुलीची सायकल घेऊन संध्याकाळभर फिरली. घरी येताना म्हणाली, "आपण इथे का नाही राहत?" तिची स्वतःची सायकल दोन वर्षं आमच्या जिन्याखाली उभी आहे. तिला मी काय उत्तर देणार? कसब्यात मुलांना खेळायला जागा नाही, हे खरंच आहे. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या, उरलेल्या पट्ट्यातून टेम्पो. आमच्या इमारतीचा तळमजला पार्किंगचा, आणि तिथे चेंडू टाकला तर गाडीला लागतो म्हणून ओरडा.

पूर्वी इथे वाडा होता. माझं लग्न झालं तेव्हा त्यात नऊ बिऱ्हाडं होती. भाडी जुन्या काळची, मालकाला त्यात डागडुजी परवडेना, भाडेकरू सोडेनात, पावसाळ्यात मागची भिंत कलली. शेवटी वाडा पाडला. नऊपैकी तिघंच नव्या इमारतीत परत आलो, बाकीचे पैसे घेऊन धायरीला, वाकडला गेले. वरच्या मजल्यांवर आता एक गोडाऊन आणि कॉटबेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणारी, मुलं. मुलं गुणी आहेत, पण परीक्षा झाली की जातात. थोरलीच्या वयाचं इमारतीत एकही पोर नाही. वाड्याच्या चौकात तिचा बाबा आठ-दहा पोरांत वाढला. तिच्या वाट्याला ते आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आवाज. गणपतीचे दिवस मला मनापासून प्रिय. कसब्याच्या गणपतीची मिरवणूक सनई-चौघड्यानं निघते तेव्हा अंगावर काटा येतो. पण धाकटा तीन महिन्यांचा होता तेव्हाची एक रात्र मी विसरू शकत नाही. जवळच्याच एका चौकात स्पीकरची भिंत लावली होती. कपाटाच्या काचा थरथरत होत्या. सगळ्यात आतल्या खोलीत, गाद्यांच्या आडोशाला त्याला घेऊन बसले होते. त्याच्या छातीवर हात ठेवला तर प्रत्येक ठोका माझ्या तळव्याला लागत होता. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, असा नियम २००० सालापासून आहे. त्या रात्री मी यांना म्हटलं होतं, मिळेल तिथे जाऊ, पण इथून जाऊ.

मग का राहिलो? थोडंसं मेट्रोमुळे. यांची नोकरी पिंपरीला. पूर्वी संगम पुलाच्या गर्दीतून घरी यायला आठ वाजायचे, मुलगी पेंगुळलेली असायची. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला. आता फडके हौदाच्या स्टेशनात उतरून हे चालत घरी येतात आणि रात्रीचं जेवण आम्ही सगळे एकत्र करतो.

पण खरं कारण मला आज कळलं. या आठवड्यात थोरलीचा शायिस्तेखानाचा धडा चालू आहे. लाल महाल तिच्या शाळेच्या वाटेवर. आताची वास्तू नव्यानं बांधलेली, हे तिला माहीत आहे, तरी काल ती तिथे थांबून म्हणाली, "म्हणजे १६६३ साली महाराज याच गल्लीतून पळाले असणार." गाढवाचा नांगर फिरवलेल्या ओसाड पुण्यात जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन आल्या आणि सोन्याचा नांगर फिरवला असं सांगतात, तेही इथेच. तिच्यासाठी तो पुस्तकातला इतिहास नाही, शेजार आहे. तशीच आळी, तसाच कुंभारवाडा, तशीच मंडई. भांडं कोण घडवतं, मडकं कुठे भाजतं, हे तिला कुणी सहलीला नेऊन दाखवलेलं नाही.

बागेतल्या घसरगुंडीला मी कमी लेखत नाही. पण आज ज्या तीन माणसांनी माझ्या मुलीवर नजर ठेवली, ती कुठल्या ब्रोशरमध्ये येणार? ही माणसं उरली आहेत ती आमच्यासारखी काही घरं अजून इथे दळण दळतात, कपडे इस्त्रीला टाकतात, फुलं घेतात म्हणून. आम्हीही गेलो तर गिरणीच्या जागी आणखी एक गोडाऊन येईल. हे मी जेवताना यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या फ्लॅट बघायला नको जायला."

कळशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. गळा नवा लखलखीत, पोट जुनं काळपट. आईंनी चिंच भिजत घातलीय, सकाळी पूर्ण घासायची म्हणतात.

त्याआधी आणखी एक काम आहे. रविवारी सकाळी सहाला शनिवारवाड्यासमोरचं पटांगण मोकळं असतं. आजवर कसं सुचलं नाही कोण जाणे. यांनी मघाशी जिन्याखालून सायकल बाहेर काढली. दोन्ही चाकांत हवा नाही आणि दुकान नऊला उघडतं. वरच्या पोरांपैकी एकाकडे पंप आहे, त्यानं साडेपाचला दार वाजवा म्हणून सांगितलंय.