पाव आण्याचं कार्ड आणि सुईणीचे चार आणे

घरात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे कागद निघाले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पेशव्यांचं काही आहे का? सनद आहे का, शिक्का आहे का, निदान कुणी मोठा माणूस आपल्याकडे जेवून गेला असं तरी कुठे लिहिलंय का. नाही म्हटलं की अर्धी मंडळी चहाला उठतात. मग कुणीतरी विचारतं, जमिनीचं काही आहे का, आणि उठलेले सगळे गपचूप परत येऊन बसतात.

आमच्याकडे पेशव्यांचं काही नाही. घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खोती वगैरे कधी नव्हती, थोडी भातशेती, चार कलमं, भिक्षुकी आणि अडल्यानडल्याला थोडेफार पैसे व्याजाने देणं एवढाच पसारा. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेले कागद होते, साधारण १८६० ते १९०० मधले. पत्रं, रोजकिर्दी, कर्जाची खतं, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या, लग्नातल्या देण्याघेण्याच्या याद्या, खोकल्यावरचा काढा, आणि एक नुसतीच यादी ज्यात कुणाकडे कुठलं पातेलं गेलंय ते लिहिलंय. पातेली परत आली की नाही ते त्यात नाही.

हे सगळं मोडी लिपीत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, म्हणजे आमच्या आजोबांना ती सहज यायची, वडिलांना फक्त सही ओळखता यायची आणि आम्हाला शून्य, दोन पिढ्यांत आख्खं घर आपल्याच कागदांपुढे अडाणी झालं. पण ती शिकता येते. पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि २०१४पासून मोडी युनिकोडमध्येही आलीये. आधी वरची रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, विरामचिन्हं नाहीत. सुरुवातीला वैताग येतो पण एकदा हाताचं वळण ओळखीचं झालं की एकाच माणसाची पत्रं भराभर वाचता येतात. माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

आता पत्रांबद्दल. एकोणिसाव्या शतकातलं घरगुती पत्र वाचायला घेतलं की पहिल्यांदा निराशाच होते कारण त्यातला निम्म्याहून जास्त भाग नमस्कारात जातो. तीर्थरूप राजश्री अमुक वडिलांचे सेवेसी, अपत्ये तमुकाने कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, मग सगळ्यांना वयाप्रमाणे नमस्कार आणि आशीर्वाद, आणि शेवटी कागद संपत आल्यावर दोन ओळींत खरं काम. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा लिहितो की आगबोट बंद होण्याआधी कुळीथ आणि आमसुलं पाठवावी. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे वैशाख-ज्येष्ठातल्या पत्रांत सगळ्यांचीच घाई दिसते आणि नारळी पौर्णिमेनंतर पत्रं पुन्हा सैलावतात. चार-पाच वर्षांची पत्रं ओळीने लावल्याशिवाय हे लक्षात येत नाही, सुटं एक पत्र काहीच सांगत नाही.

ओळीने लावायची तर तारीख हवी, आणि तारखेच्या नावाने बोंब. मिती श्रावण वद्य सप्तमी लिहितात, शक लिहीतच नाहीत, पत्र ज्याला जाणार त्याला कुठलं साल चालू आहे ते माहीत असणारच ना! शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढता येतो (पौष-माघ असेल तर बहुतेकदा एकोणऐंशी), नसेल तर आशा एकच, पोस्टाचा शिक्का. १८७९च्या जुलैमध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि कोकणातल्या घरांच्या पत्रव्यवहाराला एकदम पाय फुटले. बंद पत्राला अर्धा आणा लागायचा, कार्ड त्याच्या निम्म्यात. एका बाजूला राणीचं डोकं, ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड असा मथळा, आणि या बाजूला फक्त पत्ता लिहावा अशी तंबी. मग काय, दुसऱ्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं कोंबलेलं, समासात आडवं, उरलेल्या जागेत उलटं, कारण पाव आणा वसूल झाला पाहिजे. नमस्कार मात्र एकदम आखडले. स्वस्ताईने आणि अपुऱ्या जागेने जे केलं ते कुठल्या सुधारकाला जमलं नसतं.

कार्डावर टाकल्याचा आणि पोचल्याचा असे दोन शिक्के असायचे, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. आमच्या एका काकांनी शाळेत असताना तिकिटं जमवायच्या नादात लखोट्यांचे कोपरे कात्रीने कापून नेले होते, त्यात तिकिटाबरोबर शिक्का गेला आणि जिथे लखोटा म्हणजे पत्राचाच घडी घातलेला कागद होता तिथे मागच्या बाजूचा मजकूरही गेला. तिकिटांचा आल्बम आजही आहे. वर्ष लावायचं झालं की तो मागून आणायचा आणि मागच्या बाजूला चिकटलेली अर्धी अक्षरं वाचायची.

बाकी पत्रांमध्ये एक गोष्ट शोधून सापडत नाही ती म्हणजे मरण. चाळीस वर्षांचं दप्तर, त्यातच १८९६ला मुंबईत प्लेग सुरू झालेला, ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचाच, उल्लेख कार्डांत येतो, माणसं बोटींनी गावाकडे पळतायत, बंदरावर तपासणी होतेय, हे सगळं आहे, पण अमुक गेला असं सांगणारं एकही पत्र नाही. कारण तसं पत्र ठेवायचंच नसतं. वर श्री नाही, कोपरा फाडलेला, दारातच ओळखू यायचं, बाहेरच्या बाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळीला जायचं. त्यामुळे माणूस गेला हे कळतं ते त्याच्या नावाचा नमस्कार एकदम थांबतो त्यावरून. वैशाखातल्या पत्रात सौभाग्यवती काकूस नमस्कार आहे, भाद्रपदात नाही, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

बायकांची पत्रंही नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हतं हे एक कारण, पण सगळ्यांनाच येत नव्हतं असंही नाही, १८८०नंतर एखाद-दुसरीला येत असणारच. ते कागद जपायचे असतात असं कुणाला वाटलं नाही, बंबात गेले. बाईची पत्रं जपली गेली तर काय होतं ते आनंदीबाई जोशींच्या बाबतीत दिसतं. १८८३ला त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ला डॉक्टर झाल्या, १८८७च्या फेब्रुवारीत गेल्याही, आणि १८८९मध्ये लेखिका काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, ते पत्रं शिल्लक होती म्हणूनच लिहिता आलं. आमच्या घरातल्या बायका डॉक्टर नव्हत्या. त्या सापडल्या रोजकिर्दीत.

रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, आणि माझं प्रामाणिक मत असं की आख्ख्या ट्रंकेत वाचण्यासारखं ते एवढंच. घरातले सगळे हिला रद्दीत काढायला निघाले होते कारण काय तर तेल, मीठ, पेंड, तेल, मीठ, पेंड. आता एकच पान सांगते. वर तिथी. मग तेल ३॥ आणे. बैलाला पेंड. त्याखाली सुईणीस ४ आणे, शिवाय खण आणि नारळ. पुढच्या दिवसाला सुंठ, डिंक, खारका, बाळंतशेपा, गूळ जरा जास्तच. म्हणजे घरात बाळंतीण आहे. मी पानं उलटत बाराव्या दिवसापर्यंत गेले, बारशाला काहीतरी खर्च हवाच, घुगऱ्यांचे हरभरे, पाळण्याची दोरी, कुंचीचं कापड. काही नाही. तेल, मीठ, पेंड. आठवड्याने वैद्याला ८ आणे, म्हणजे बाळंतीण बहुतेक वाचली असावी, कारण पुढच्या वर्षी पुन्हा सुईणीस ४ आणे आहेत आणि यावेळी हरभरेही आहेत. त्या बाईचं नाव त्या वहीत कुठेच नाही, पण तिच्याबद्दल जे काही मला माहीत आहे ते सगळं या वाण्याच्या हिशेबातून आलंय.

म्हणून कागद जपायचे म्हटलं की मला सनदा-फर्मानांची काळजी वाटत नाही, त्यांना वाली आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली, १८९८ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढे असे २२ झाले, त्यांच्याच पुढाकाराने १९१०ला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर कोट्यवधी कागद आहेत. राजकारणाच्या पत्रांमागे माणसं जीव टाकून धावली, धावायलाच हवं होतं. पण सुईणीच्या चार आण्यांसाठी कोण धावणार, ते घरच्यांनीच राखायला हवेत.

राखायचं कसं, तर मुळात कमी हात लावून. मजेची गोष्ट म्हणजे जुने कागद जास्त टिकलेत. आधीचा हातकागद चिंध्यांचा, चिवट, आणि शाई काजळी-डिंकाची, ती उडत नाही (पाणी लागलं तर मात्र पसरते). शतक संपता संपता गिरणीचा लगद्याचा कागद आला, त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडून बिस्किटासारखा मोडतो, आणि विलायती शाई कधीकधी कागदालाच खाते. त्यामुळे १८६५ची वही बिनधास्त उलटते आणि १८९५चं कार्ड धरायलाही भीती वाटते. लोक काय करतात, जाऊन लॅमिनेट करून आणतात! नका करू. ते प्लॅस्टिक नंतर निघत नाही आणि आत कागद सडतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. टाचण्या, स्टेपलर गंजतात. कोकणातल्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की बुरशीला आमंत्रण. जुन्या लोकांचं खारव्याचं कापड आणि वेखंडाचे तुकडे हे त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं होतं. कापड धुतलेलं, खळ नसलेलं सुती घ्यायचं, जमलं तर आम्लरहित कागदाची पाकिटं, नंबर घालायचे ते मऊ पेन्सिलीने, आणि रुमाल पावसाळ्यात सोडायचे नाहीत, दिवाळीनंतर सावलीत सोडायचे, उन्हात नाही.

आणि रुमालातला क्रम मोडायचा नाही. ही गोष्ट पटवायला सगळ्यात कठीण. आमच्याकडे एका उत्साही मंडळाने लगेच पत्रं एकीकडे, हिशेब एकीकडे अशी वाटणी सुरू केली होती, पण ज्या माणसाने ते गाठोडं बांधलं त्याने एका लग्नाची यादी, त्यासाठी काढलेल्या कर्जाचं खत आणि व्याह्यांचं रुसलेलं पत्र एकत्र ठेवलं होतं, ते वेगळं केलं की लग्नही गेलं आणि रुसवाही. आधी आहे तसे फोटो काढायचे, मग काय ते. फोटोंच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवायच्या, फॅमिलीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे जपणं नव्हे, तिथे ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडले जातात.

राहिली ती खतं. आमच्या घरचे लोक फार मोठे सावकार नव्हते पण कागद आहेत, आठ आण्यांच्या स्टँपावर, अमुक रुपये घेतले, अमुक मण भात व्याजापोटी देईन, आणि खाली सहीच्या जागी निशाणी. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, सुताराची त्याची हत्यारं. शेजारी लिहिणाऱ्याचा दस्तुर. एका खतावरचा नांगर इतका नीट काढलाय, इसाड, रुमणं, फाळ, सगळं चार रेघांत, की ज्याने तो काढला त्याला अक्षर येत नव्हतं हे म्हणायला जीभ रेटत नाही. या कागदांचं काय करायचं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. एका आत्याचं म्हणणं जाळून टाका, उगाच कुणाच्या पणजोबांची कर्जं कशाला मिरवायची. तिचं अगदीच चूक आहे असं नाही. घाटावर, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं ओढून काढून जाळली होती, आणि ती जाळणाऱ्यांना इतिहासाची साधनं नष्ट होतायत वगैरे वाटण्याचं काही कारण नव्हतं. कागद टिकावा असं ज्याच्या बाजूने तो लिहिलेला असतो त्यालाच वाटतं.

तरी मी जाळू दिले नाहीत. ज्यांच्या घरातला तो नांगर आहे ती मंडळी गावातच आहेत, कूळकायद्यात जमीन कधीच त्यांच्या नावावर झालीये, त्यांचा आमचा आता हिशेब काही नाही. गेल्या मे महिन्यात त्या खताचा मोठा प्रिंट काढून त्यांच्याकडे घेऊन गेले. भाऊ ओटीवरच होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी नांगर बराच वेळ बघितला, सुनेला बोलावून दाखवला, आमच्या आज्याच्या आज्याचा हात म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं,

"बाय, ह्या पैसे फेडल्यानी काय नाय?"

मी म्हटलं, भाऊ, तसं काही लिहिलेलं नाही मागे.

"मग नसतीलच फेडलेले," ते म्हणाले. "फेडल्यावर खत फाडून परत देत. तुमच्याकडं रवला म्हंजे बुडवल्यानी." आणि भलतेच खूश होऊन हसले, सुनेला म्हणाले, चाय टाक, सावकारीण आलीय वसुलीला.