बारीक केलं की झालं?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या गणपतीच्या मंडपात नाहीतर एखाद्या लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच: ‘‘ताई, तुमच्या त्या कॅटॅलिस्टच्या पावडरी इतक्या बारीक कशाला? पिठीसाखर पटकन विरघळते, तसंच ना?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. ती क्रिया होते त्याच्या पृष्ठभागावर, आणि कण लहान तितका पृष्ठभाग जास्त. आमच्या अशाच एका पावडरीचे, सिरियम ऑक्साइडचे, कण 5 नॅनोमीटरचे असले (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तर एका ग्रॅममध्ये हिशेबाने 165 चौरस मीटर निघतात, म्हणजे सतराशे चौरस फुटांहून जास्त. हे दळून होत नाही बरं का. क्षार पाण्यात विरघळवायचा, अमोनिया घालून साका खाली बसवायचा, धुवायचा, मग भट्टीत.

पण साखर कितीही दळली तरी साखरच. इथे स्वभावच बदलतो. कडेच्या, कोपऱ्यातल्या अणूंना शेजारी कमी, त्यामुळे तिथला ऑक्सिजन सैल बसलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड तोच उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. रिकामी जागा हवेतला ऑक्सिजन भरतो. हायड्रोजनही असाच ऑक्सिजन काढून घेतो: नळीतून गरम हायड्रोजन सोडला की फिकट पिवळी पावडर निळसर करडी पडते. गार करून हवा लागू दिली की पुन्हा पिवळी. इतक्या वर्षांनीही मी हातातलं काम ठेवून ते बघते.

सहसा कशाशीच क्रिया न करणारं, आळशी म्हणून प्रसिद्ध असलेलं सोनंसुद्धा यातून सुटलं नाही. आयर्न ऑक्साइडसारख्या ऑक्साइडवर बसवलेले त्याचे अतिसूक्ष्म कण शून्य अंशाच्या बऱ्याच खालीही कार्बन मोनॉक्साइड जाळतात, हे जपानच्या मासाताके हारुता यांनी 1987 मध्ये दाखवलं.

मग सगळे 1 नॅनोमीटरचेच का करत नाही? कारण तापले की ते एकमेकांना चिकटून मोठे होतात. आम्ही त्याला सिंटरिंग म्हणतो. पावडरीवर एक्स-रे टाकून काढलेल्या आलेखात आधी बसकी, पसरट टेकाडं असतात, म्हणजे कण बारीक. 900 अंशांच्या भट्टीतून काढलेल्या नमुन्यात त्याच जागी सुया उभ्या, म्हणजे कण मोठे झाले. मोटारीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमधल्या सिरियम ऑक्साइडात झिर्कोनियम घालतात ते बरंचसं यासाठीच; शिवाय ऑक्सिजनची देवघेवही सुधारते.

त्यामुळे कुणी कौतुकाने ‘2 नॅनोमीटरचे कण केले’ म्हणून शोधनिबंध पुढे केला, की मी भट्टीनंतरचा आकडा शोधते. बऱ्याचदा तो दिलेलाच नसतो.