हार्मामाक्सा म्हणजे नक्की कसली गाडी?

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचं इंग्रजी भाषांतर वाचत होते, त्यात इराणचा राजा झर्क्सिस इ.स.पू. ४८० ला सार्डिसहून (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातलं शहर) ग्रीसवर स्वारीला निघतो तो प्रसंग आला. स्वारी रथातून, पुढे निसायन जातीचे घोडे, सगळा थाट, आणि मग हळूच एक वाक्य की मनात आलं की महाराज रथातून उतरून कॅरेजमध्ये बसायचे. कॅरेज? मूळ ग्रीक शब्द शोधला तर निघाला हार्मामाक्सा.

फोड सोपी आहे, हार्मा म्हणजे दोन चाकी लढाईचा रथ आणि हामाक्सा म्हणजे चार चाकी सामानाची गाडी. मला आधी वाटलं रथ अधिक बैलगाडी म्हणजे काहीतरी धेडगुजरी असणार, पण उलट ही ऐषारामाची गाडी, वर छत, बाजूने पडदे, आत पाय पसरून झोपायची सोय, आणि ग्रीकांच्या लेखी एकदम इराणी चैन. त्यातून जास्त करून बायका जायच्या, त्याच हिरोडोटसकडे इराणी सैन्यासोबत राजाच्या खास तुकडीच्या रखेल्या अशाच गाड्यांतून येतात.

अ‍ॅरिस्टोफेनिस या अथेन्सच्या विनोदी नाटककाराने तर यावर विनोदच केलाय. इ.स.पू. ४२५ च्या 'अखार्नियन्स' नाटकात इराणला गेलेले अथेन्सचे राजदूत परत येऊन रडगाणं गातात की काय सांगू हाल, हार्मामाक्सात मऊ गाद्यांवर लोळत लोळत जावं लागलं, मेलो अगदी! रोज दोन द्राख्मा भत्ता वर. (सरकारी दौरे तेव्हापासून असेच.)

आणि अलेक्झांडरचं शव बॅबिलॉनहून नेलं ती सोन्याने मढवलेली, ६४ खेचरांची अवाढव्य गाडी, तिलाही डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार हार्मामाक्साच म्हणतो. म्हणजे पडदानशीन बायकांची गाडी ते चालतं देऊळ, सगळं एकाच शब्दात.

मराठीत काय म्हणावं यावर दोन दिवस डोकं खाल्लं. मेणा म्हणावं तर त्याला चाकं नाहीत, छकडा म्हटलं तर झर्क्सिस रागावेल, सारवट गाडी त्यातल्या त्यात जवळची वाटते पण ती पेशवाई-इंग्रजी काळातली वाटते. शेवटी मी 'पडद्याची गाडी' लिहून टाकलं.

हामाक्सातला 'आक्स' म्हणजे ग्रीक आक्सोन, आपला अक्ष, बैलगाडीचा आस. आणि तोच हामाक्सा झिजून आजच्या ग्रीकमध्ये आमाक्सी झालाय, बोलताना लोक कारला आमाक्सी म्हणतात, आपण गाडी म्हणतो तसंच.