जुनाच डकटेल्स का? तुम्ही विचारलंत म्हणून

"या वयात बदकांचा गेम?" हा प्रश्न मला डकटेल्स या व्हिडिओ गेमवरून इतक्या सुरांत विचारला गेलाय की आता नुसत्या सुरावरून विचारणारा ओळखू येतो. कुणी थट्टेने विचारतं, कुणी खऱ्या काळजीने. जाणकार मंडळी जरा वेगळं विचारतात. "खेळायचाच तर २०१३चा नवा खेळ की! तो १९८९चा ठोकळ्यांचा कशाला?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाकते. जुन्या कार्टूनच्या आठवणीने माझा गळा दाटून येत नाही. कार्टून मला बरं वाटायचं, एवढंच. गेम त्यावर बेतलेला असला तरी त्याचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. कार्टूनमध्ये नायक असलेल्या श्रीमंत बदकाच्या, स्क्रूज मॅकडकच्या, हातातली काठी ही म्हाताऱ्याची काठी असते. गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या लोकांनी म्हाताऱ्याला त्या काठीवरच चढवला. उडी मारायची, हवेत असताना खालची दिशा आणि बी बटण धरून ठेवायचं, की काठी जमिनीला टेकते आणि स्क्रूज उसळत राहतो. काट्यांवरून, शत्रूंच्या टाळक्यावरून, जिथे पायी जाणं शक्यच नाही तिथून. अख्खा गेम या एका उडीवर उभा आहे. हिमालयात भुसभुशीत बर्फात काठी रुतते आणि उसळणं थांबतं, तेव्हा लक्षात येतं की आपण चालणं जवळजवळ विसरलोय.

बाकीचंही चांगलं आहे. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र या पाच ठिकाणांपैकी कुठूनही सुरुवात करता येते (खाणीची किल्ली मात्र ट्रान्सिल्व्हेनियात सापडते). संगीतकार हिरोशिगे तोनोमुरांनी चंद्रासाठी केलेली धून तर हा गेम कधी हातात न घेतलेल्या लोकांनाही पाठ असते. पण धून नुसतीही ऐकता येते. उडी मारायला गेमच लागतो. तर "का खेळतेस" याचं माझं ठरलेलं उत्तर हे, उडीसाठी. खरं उत्तर आहे, पूर्ण नाही.

पूर्ण सांगायचं तर दादाला मध्ये आणावं लागेल.

गेम एकट्याने खेळायचा. म्हणजे दादा खेळणार आणि मी शेजारी बसून बघणार, हे न बोलता ठरलेलं होतं. माझं काम पुढचा शत्रू कुठून येणार ते आधी सांगायचं. ते मला त्याच्यापेक्षा चांगलं जमायचं, कारण माझे हात मोकळे होते. या गेममध्ये सेव्ह नाही, पासवर्डही नाही. बसलात की एका बैठकीत शेवटापर्यंत जायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी पाचही ठिकाणचे खजिने मिळाले. ते चोरीला जातात आणि परत ट्रान्सिल्व्हेनियाला जावं लागतं, हे आम्हाला ठाऊक होतं, तिथवर आम्ही आधीही गेलो होतो. पण ड्रॅक्युला बदकापुढे टिकलो नव्हतो. तो नाहीसा होतो, भलतीकडे उगवतो, आणि त्याच्या डोक्यावर नेमकी काठी बसली पाहिजे. दादाकडे शेवटचं लाइफ होतं. मी "डावीकडे, वर, थांब, आता" असं काहीतरी पुटपुटत होते. दादाचा जबडा घट्ट आवळलेला. आणि तो ड्रॅक्युला मेला.

दादाने कंट्रोलर मांडीवर टाकला आणि दोन्ही हात वर केले.

पुढे काय असतं ते आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे दोर असतो. स्क्रूजचा जुना वैरी फ्लिंटहार्ट ग्लोमगोल्ड तिथे हजर होतो आणि वरच्या खजिन्यापर्यंत त्याच्या आधी पोहोचायचं असतं. दादा हात वर करून उभा होता, स्क्रूज पडद्यावर स्वस्थ उभा होता आणि ग्लोमगोल्ड निघाला होता. मी ओरडले, "दोर! दोर!" दादाला वाटलं मी आनंदाने ओरडतेय. तोही ओरडला. आम्ही दोघं गळा काढून ओरडत होतो, दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी. त्याने पडद्याकडे पाहिलं तोवर खजिना ग्लोमगोल्डचा झाला होता.

दादाने मशीन बंद केलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लहान मुलांचा खेळ आहे हा." त्यानंतर त्याने ती कॅसेट लावली नाही.

आता कळलं ना, तुमचं "लहान मुलांचा गेम" मला का झोंबतं? तुम्ही पहिले नाही. पहिल्यांदा ते वाक्य ज्याने म्हटलं, तो पाच मिनिटांपूर्वी जीव खाऊन तोच खेळ खेळत होता. कार्टूनमध्ये भाग संपेपर्यंत स्क्रूजचं सगळं ठीकठाक होतं, आणि आम्ही दोघांनीही ते गृहीत धरलं होतं. गेमला ते मान्य नव्हतं. मुलांसाठी बनवलेल्या वस्तूने मुलांना असं वागवावं का? तेव्हा मला तो दुष्टपणा वाटला. पुढे बरीच वर्षं मी त्याला मोठेपणा म्हणत आले. आज दोन्ही शब्द जरा जास्तच वाटतात.

राहिला नव्या खेळाचा मुद्दा. वेफॉरवर्ड या कंपनीने काढलेला डकटेल्स रिमास्टर्ड दिसायला देखणा आहे आणि त्यात स्क्रूजला ॲलन यंग यांचा मूळ आवाज आहे, तेही त्यांच्या नव्वदीनंतर. मी एकेकाळी म्हणायचे की यात नुसतं बटण धरून उसळता येतं, म्हणजे उडीचा अपमान. त्यावर तेव्हाच कुणीतरी दाखवलं होतं की सेटिंगमध्ये 'हार्ड पोगो' आहे, तो लावला की जुनीच पद्धत. मी दुर्लक्ष केलं, कारण चिडायला तो मुद्दा फार सोयीचा होता. मधेमधे थांबवून पात्रं बोलत बसतात ही तक्रार मात्र अजून कायम आहे. शिवाय २०१९मध्ये तो विक्रीतून काढला गेला, २०२०मध्ये परत आला. कॅसेट अशी उठून जात नाही.

पुढे मी तो दोर चढले, एकटीने. कुणाला सांगायला गेले नाही. दादा मात्र आपल्या मुलांना सांगतो की त्याने हा गेम संपवला होता. मुलांसमोर मी काही बोलत नाही, नंतर त्याला गाठते. त्याचं म्हणणं, ड्रॅक्युला मेला तिथे गेम संपतो, बाकी नुसती सजावट. मी म्हणते, मग ग्लोमगोल्ड तिथे काय सजावटीला आला होता का? त्यावर तो म्हणतो, "तू ओरडण्याऐवजी नीट बोलली असतीस तर?" नीट म्हणजे कसं, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही.

सध्या मी वेगळ्याच भानगडीत आहे. शेवटी एक कोटी डॉलर आणि त्या पाचांखेरीज लपवलेले दोन खजिने असतील तर या गेमचा शेवट बदलतो. आणि खिशात शून्य असेल तरीही बदलतो. जगातला सर्वात श्रीमंत बदक, आणि त्याला कफल्लक करून शेवटापर्यंत न्यायचं. रत्नं समोर लखलखत असतात आणि बोटं सवयीने तिकडेच वळतात. याचंही कारण तुम्ही विचारणारच आहात.