बडोद्याहून चंदननगर, गंगेच्या वाटेनं

कोलकात्याहून मुर्शिदाबादेकडे निघालेल्या जहाजावर बडोद्याचे आम्ही तिघं होतो: मी, हे आणि माझ्या नणंदबाई. 'क्रूझ' म्हटल्यावर समुद्रातलं दहा मजली जहाज डोळ्यांपुढे आणू नका. हुगळीत, म्हणजे इथल्या गंगेत, गाळ फार, त्यामुळे इथली जहाजं बुटकी आणि सपाट तळाची. डेकवर वेताच्या खुर्चीत बसायचं, चहा घ्यायचा आणि दोन्ही काठ बघत राहायचं. दक्षिणेश्वरची शिखरं मागे पडली की तागाच्या गिरण्या सुरू होतात. काही चालू, बऱ्याचशा बंद. मधूनच वीटभट्टीचं धुराडं.

डाव्या हाताला श्रीरामपूर आलं. १७५५ ते १८४५ हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं मराठीचं व्याकरण १८०५ साली इथेच छापलं. पाच वर्षांनी मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यात मराठी शब्द मोडीत. एवढं सगळं असून जहाज तिथं थांबलं नाही. कार्यक्रमात नव्हतं म्हणे! मी चरफडत मान वळवून बघत राहिले.

थांबलं ते चंदननगरला, म्हणजे फ्रेंचांच्या जुन्या वसाहतीत, आणि तिथं उतरण्यासाठीच खरं तर मी या सहलीला होकार दिला होता.

समुद्राची भरती-ओहोटी नदीतून इथपर्यंत येते, त्याहूनही पार वर जाते. कप्तान नकाशाइतकाच भरतीचा तक्ता बघतो. आमच्या वेळी ओहोटी होती, म्हणून जहाजानं प्रवाहात नांगर टाकला आणि आम्हाला भुटभुटीनं, म्हणजे इंजिन लावलेल्या होडीनं, घाटावर नेलं. पाणी उतरल्यामुळे घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, वर बोटभर चिकण गाळ. नणंदबाईंनी साडी वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि खलाशाला म्हणाल्या, "हात दे रे बाबा, नाहीतर माझं गंगास्नान इथेच व्हायचं." त्याला मराठी कळलं नाही. हात मात्र लगेच पुढे आला.

घाटावर खांबांचा देखणा मंडप आहे, दुर्गाचरण रक्षित यांच्या नावाचा. फ्रेंच सरकारचा 'लेजियों द'ऑनर' किताब मिळालेले हे इथले व्यापारी. मंडपातून वर आलं की समोर स्ट्रँड: काठाकाठानं गेलेला फरसबंद रस्ता, झाडं, बाकं, आणि बाकांवर गप्पांत रमलेले आजोबालोक. आपल्या बडोद्याच्या सुरसागर तलावाकाठी संध्याकाळी जमतात तेच, फक्त शेंगदाण्यांऐवजी झालमुरी, म्हणजे बंगाली तिखट चुरमुरे. एका बाजूला फ्रेंच गव्हर्नर ड्यूप्लेचा वाडा, आता तिथं संग्रहालय आहे. आतल्या गल्लीत १८८४ चं चर्च. आणि दक्षिणेच्या टोकाला पाताळबाडी, जिचा तळमजला नदीच्या पातळीत उतरलेला आहे. रवींद्रनाथ इथं राहून गेले. आम्ही ती बाहेरूनच पाहिली.

ड्यूप्ले इथं १७३१ ते १७४१ होता आणि त्याच्या काळात चंदननगरनं कोलकात्याला व्यापारात घाम फोडला. पुढे मार्च १७५७ मध्ये इंग्रजांचे क्लाइव्ह आणि अ‍ॅडमिरल वॉटसन यांनी आधी हे गाव घेतलं, फ्रेंचांचा किल्ला जमीनदोस्त केला आणि मग जूनमध्ये प्लासी गाठली. गाव पुढे तहात परत मिळालं, किल्ला काही पुन्हा उभा राहिला नाही. सगळा देश १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा चंदननगर फ्रेंचच होतं. १९४९ मध्ये लोकांनी भारताच्या बाजूनं कौल दिला, २ मे १९५० ला कारभार आपल्याकडे आला आणि १९५४ मध्ये गाव पश्चिम बंगालात सामील झालं.

आता माझ्या मुद्द्यावर येते. दांडिया बाजारातून जाताना अरविंद निवासावरून आम्ही हजारदा गेलोय. अरविंदबाबू, म्हणजे योगी अरविंद घोष, १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले ते १९०६ पर्यंत बडोद्यात होते. घुमटवाल्या आपल्या बडोदा कॉलेजात सुरुवातीला त्यांनी शिकवलं ते फ्रेंच, इंग्रजी नंतर. खासेराव जाधवांसारखे मराठी मित्र, विष्णु भास्कर लेले यांच्याकडून ध्यानाची दीक्षा, ती १९०८ मध्ये बडोद्यातच. अशा 'आपल्या' माणसाला फेब्रुवारी १९१० मध्ये इंग्रज पुन्हा पकडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ते रातोरात कोलकात्याच्या घाटावरून होडीत बसले आणि उजाडायच्या आत इथं पोचले. फ्रेंच हद्दीत इंग्रज पोलिसांना थेट हात घालता येत नव्हता. गावातल्या काही क्रांतिकारकांना ही सोय जन्मापासूनच ठाऊक. कन्हाईलाल दत्त इथलाच, रासबिहारी बोस इथंच वाढले. अरविंदबाबूंना मोतीलाल रॉय यांनी घरात लपवलं, तेही जागा बदलत बदलत. महिना-दीड महिन्यानं ते गुपचूप कोलकात्याला परतले, १ एप्रिलला जहाजात बसले आणि ४ एप्रिलला पाँडिचेरीला उतरले. जहाजाचं नाव काय, तर 'ड्यूप्ले'!

वेताच्या खुर्चीत बसून जी नदी मी चहाबरोबर पाहिली, ती त्यांनी अंधारात, श्वास रोखून पार केली असणार. वाड्यातलं फ्रेंच फर्निचर मला त्यामानानं फिकं वाटलं. परदेशी पाहुणे त्याचेच फोटो काढत होते, आणि आमच्या वाटाड्यानंही अरविंदबाबूंना दोन वाक्यांत उरकलं. मी विचारल्यावर मात्र खुलला. "तुम्ही मराठी?" म्हणाला आणि हसला. "म्हणजे बर्गी!" बंगालात आजही आया पोरांना बर्गीची, म्हणजे लुटायला येणाऱ्या मराठा स्वारांची, भीती घालून निजवतात. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी हा मुलूख पोळून निघाला, कोलकात्याच्या लोकांनी तर धास्तीनं खंदक खणायला घेतला होता. ह्यांनी घाईघाईनं खुलासा केला, "ते नागपूरचे. आम्ही गायकवाडांचे." वाटाड्याला त्यात फरक पडल्यासारखा दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांची भाताची कोठारं जळली त्यांना तरी काय फरक पडला असता?

भांडण मिटलं मिठाईच्या दुकानात. जलभरा संदेश ही चंदननगरची खासियत. ताडगोळ्याच्या आकाराचा, छेन्याचा घट्ट संदेश, आणि पोटात गुलाबपाणी. सूर्यकुमार मोदक या हलवायानं तो एका जमीनदाराकडच्या जावयाची फजिती करायला बनवला अशी गोष्ट सांगतात. जावई ऐटीत चावला आणि गुलाबपाणी थेट सदऱ्यावर! आपल्याकडे जावयाला अधिकात तेहतीस अनारसे देतात, इथं पिचकारी. वाटाड्यानं आधीच बजावलं होतं, तरी ह्यांनी मधोमधच दात रोवला. नणंदबाईंनी कडेनं हळूच खाल्ला आणि भावाच्या शर्टाकडे बघून मनसोक्त हसल्या.

तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला. मोतीलाल रॉय यांचा प्रवर्तक संघ बघायचा राहिला, फ्रेंचांची 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' कोरलेली कमानही राहिली. म्हणून माझं मत विचाराल तर नदीसाठी जहाज जरूर घ्या, पण चंदननगरसाठी वेगळा दिवस काढा. हावड्याहून लोकल तासाभरात सोडते. आणि जलभरा बडोद्याला आणायच्या भानगडीत पडू नका, छेना टिकत नाही. दुकानातच उभ्यानं खा, गडद रंगाचे कपडे घालून.