तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणी गेली, तरी मत त्यांनाच?

"तुमच्या गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले, तरी तुम्ही लालबाग-परळवाले त्याच शिवसेनेला मत देता. कळत नाही का तुम्हाला?" निवडणूक आली की हे कुणीतरी विचारतंच. सूर असा, की माझ्या वडिलांना हिशेब येत नव्हता.

चांगला येत होता. बाबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा राज्यातही काँग्रेस, केंद्रातही काँग्रेस, आणि कायद्याने मान्यता फक्त तिच्या कामगार संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. अडीच लाख कामगार संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे, पण बोलणी करायचा अधिकार सामंतांना नाही. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही आम्ही सामंतांना लोकसभेत पाठवलं. गेलेल्या नोकऱ्या त्याने परत आल्या नाहीत.

मग जमिनी. गिरण्यांच्या जमिनींच्या १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जागा पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी होती. २००१ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. कोहिनूर मिलची जागा २००५ मध्ये ४२१ कोटींना गेली, घेणाऱ्यांत शिवसेनेच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या मुलाची कंपनी. हे सगळं मला पाठ आहे, मला शिकवू नका.

आता जे मी सहसा सांगत नाही ते. आमची चाळ गिरणीच्याच जागेवर. खाली करण्याची नोटीस आली तेव्हा बाबा मला घेऊन पक्षाच्या कचेरीत गेले. तिथला माणूस दोन चाळी सोडून राहणारा. आईला केईएममध्ये खाट त्याने मिळवून दिली होती, वरच्या मजल्यावर पाणी त्यानेच चढवलं होतं. त्याने नोटीस वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि घडी घालून परत दिली.

"काका, पाण्याचं सांगा, अ‍ॅडमिशनचं सांगा, रात्री दोनला अँब्युलन्स सांगा. जागेचं वर ठरतं. तिथे मला कोण विचारतो?"

"मग वर आमचं कोण आहे?"

तो काही बोलला नाही. चहा मागवला. बाबांनी चहा घेतला, नोटीस खिशात घातली आणि त्या वर्षीही त्याच चिन्हावर शिक्का मारला.

मी कॉलेजात होतो, खूप भांडलो. रहिवासी म्हणून नको, कामगार म्हणून मत द्या, म्हणालो. बाबा म्हणाले, "कामगार म्हणून द्यायला गिरणी कुठे आहे?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आजही कॉलेजातल्या त्या पोराचं, म्हणजे माझंच, म्हणणं मला खोडता येत नाही, आणि बाबांचंही. नळ, खाट, शाळा यांना धावून येणारा पक्ष पगार, थकबाकी, जमीन म्हटलं की हात वर करतो, हे खरं. पण जे व्याख्यानात आमच्या बाजूचे होते, ते रात्री दोनला कुठे होते?

म्हाडाच्या सोडतीत काही हजार घरं मिळाली, खोटं कशाला बोलू. पण अर्ज दीड लाखाच्या आसपास, आणि उरलेल्यांना आता मुंबईबाहेरचं शेलू-वांगणी दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात म्हातारे कामगार मुंबईतच घर मागायला बसले, तेव्हा पुढारी पाठिंबा द्यायला आले. त्यांतले काही आधी सरकारात होते. हे मलाही दिसतं, आणि रागही येतो.

पण तुम्ही पक्ष बदला म्हणता, तर नाव सांगा. सत्तेत बसून मालकाच्या वाट्याची एक एकर तरी जमीन आमच्यासाठी काढून घेतलेला पक्ष सांगा. पुढचं मत त्याला.